रानशेतच्या जीपचा आवाज

माझे कान चाललेत हे मला सगळ्यांत शेवटी कळलं, कारण माझी बायको मासे विकते. कासाच्या आठवडी बाजारात तिची सुक्या मासळीची पाटी असते, आणि बोंबील घ्या म्हणून तिनं हाक दिली की ती पार भाजीवाल्यांच्या रांगेपर्यंत जाते. घरी आल्यावर तो आवाज खाली आणायची तिला सवय नाही. चहा झालाय एवढं म्हणाली तरी शेजारचे आपापले कप घेऊन येतील, असं मी तिला चिडवायचो. त्यामुळे घरात मला सगळं ऐकू यायचं. माझ्या दुकानात ऐकू यायचं नाही, पण त्याचा दोष मी गिऱ्हाइकांना दिला. हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, गालात मावा भरलेला, वरून कानात मोबाइलच्या वायरी, मग शब्द बाहेर पडणार कुठून, असं मी चारचौघांत बोलून दाखवायचो. लोक हसायचे. मीही हसायचो.

मग एका हिवाळ्यात तिचा घसा बसला आणि घर एकदम गप्प झालं. मला वाटलं, रुसलीय. कशावरून रुसली असेल याचा विचार करकरून मी हैराण झालो. तिला आवडते ती जिलेबी आणली. तिनं खाल्ली, तिचं तोंड हललं, ते खाण्यामुळेच हलतंय असं मी धरून चाललो. शेवटी मीच भडकलो. नवरा आहे मी, भिंत नाही, दोन शब्द बोललीस तर काय जाईल, असं बरंच काही बोललो. ती उठून अगदी जवळ आली आणि माझ्या कानाला तोंड लावून म्हणाली,

"मी बोलतेच आहे. सकाळपासनं बोलतेय."

मी खाली बसलो. घसा बसलेल्या माणसाचं बोलणं घरातल्या माणसांना ऐकू येतंच, एवढं मलाही माहीत होतं. मला भीती वाटली. कारण मी जे काम करतो ते कानांवर चालतं, आणि दुसरं कुठलंही काम मला येत नाही.

मी गाड्यांचं वायरिंग करतो. सेल्फ, डायनामो, लाइट, हॉर्न, वायपरची मोटर, टेप, जे काही बॅटरीवर चालतं ते सगळं. बाजारात येणाऱ्या रस्त्याला माझी पत्र्याची शेड आहे. माणसं मला मिस्त्री म्हणतात. मूळचा मी झाईचा. बाप होडीवर जायचा आणि मीही जाणार हे ठरलेलं होतं, पण होडी जरा डोलली की मला उलट्या व्हायच्या. एकदा नाही, दरवेळी. बापानं बरंच सहन केलं. मग एक दिवस काही न बोलता मला एस.टी.त बसवलं आणि गुजरातच्या हद्दीत, उंबरगावच्या बाजूला, एका वायरिंगवाल्या उस्तादाकडे सोडलं. समुद्राला नको असलेलं पोर गाड्यांना तरी चालेल, असा त्याचा हिशोब असावा.

उस्ताद गुजराती बोलायचा आणि कमी बोलायचा. गाडी आली की त्याचं एकच वाक्य असायचं, "पहेलां सांभळ, पछी खोल." आधी ऐक, मग उघड. मी पाना उचलला की तो हातावर मारायचा. सेल्फ मारायला लावायचा आणि डोळे मिटून उभं राहायला सांगायचा. सेल्फ नुसता टक करून थांबला तर एक कारण, घरघरत फिरला तर दुसरं, मोकळाच सूं करून फिरला तर तिसरं. डायनामोचं बेअरिंग जायच्या आधी बारीक शिट्टी घालतं. रिले चिकटला की त्याची टकटक जड होते. एवढं कानात बसल्याशिवाय त्यानं मला बोल्ट खोलू दिला नाही. तेव्हा मला त्याचा राग यायचा. पुढे सगळं आयुष्य त्याच एका वाक्यावर काढलं.

कान गेले कसे, हेही सांगायला हवं. सुरुवातीची बरीच वर्षं मी तलासरीला हायवेवर काम केलं. ट्रकची रांग लागायची आणि ड्रायव्हर रिकामे बसायचे, आणि रिकाम्या ड्रायव्हरला हॉर्न बदलायची हुक्की येते. तेव्हा प्रेशर हॉर्नचं वेड होतं. पंजाबकडचा असो की केरळचा, प्रत्येकाला पुढच्याचा जीव दचकेल असा आवाज हवा असायचा. मी बंपरपाशी उकिडवा बसून नळ्या जोडायचो आणि वर बसलेला गृहस्थ मी बाजूला व्हायच्या आत बटण दाबायचा. मुद्दामही दाबायचे. मी दचकलो की हसायचे. कानात कापूस घाल, असं बायको सांगायची. कापूस घातला तर आवाज जुळला की नाही हे कळणार कसं, असं मी तिला ऐटीत विचारायचो. त्या वेळी मला स्वतःच्या कानांचा केवढा गर्व होता.

तलासरी सोडून कासाला आलो तेव्हा ट्रक सुटले आणि जीपा आल्या. इथून आतल्या पाड्यांवर शेअर जीपा चालतात. आणि या जीपांची एक पद्धत आहे, ती मला इथं येऊन कळली. एका रस्त्यावरच्या दोन जीपांचा हॉर्न सारखा असायचा नाही. कुणी लिहून दिलेलं नाही, पण सगळे पाळतात. पाडे रस्त्यापासून आत असतात, कुणाचं घर चढावर, कुणाचं ओढ्यापलीकडे. जीप लांबच्या वळणावर हॉर्न देते आणि घरात भाकरी थापणारी बाई ओळखते की ही कासाची, ही डहाणूची, ही अमक्याची, ही तमक्याची. आपली असेल तर उठते, नसेल तर भाकरी पुरी करते. मोबाइल आता सगळ्यांकडे आहेत, पण रेंज धरायला टेकडीवर चढावं लागतं. हॉर्नला रेंज लागत नाही.

हे हॉर्न जुळवायचं काम माझ्याकडे आलं आणि मला ते मनापासून आवडलं. खरं सांगायचं तर साऱ्या धंद्यात तेवढंच आवडलं. हॉर्नच्या पाठीला एक बारका स्क्रू असतो. तो थोडा फिरवला की आवाज चढतो, उतरतो, घोगरा होतो, मोकळा होतो. एका जीपला मी भंगारातल्या ट्रकचा जाडा हॉर्न बसवला. एकीला स्कूटरचा, तो अगदी किरटा. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरच्या जीपचा हॉर्न मी मुद्दाम घोगरा ठेवला, कारण तो स्वतःही तसाच बोलायचा आणि पाड्यावरची पोरं दोघांची नक्कल करायची. रानशेतच्या आतून डहाणूला जाणाऱ्या जीपला जोडी बसवली होती, एक जाडा आणि त्याच्यावर एक बारीक. जुळवताना ड्रायव्हरला बटण दाबायला सांगून मी बाजारापलीकडच्या चिंचेपर्यंत चालत जायचो आणि तिथून ऐकायचो. हॉर्न जवळून ऐकून उपयोग नसतो, तो लांबच्यासाठी असतो. चिंचेखाली उभं राहून मी हात हलवायचो, मग परत येऊन स्क्रू फिरवायचो, पुन्हा चिंचेपाशी जायचो. लोक म्हणायचे, मिस्त्रीला येड लागलंय.

बायकोचा घसा बरा झाल्यावर तिनं मला डहाणूला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. एका लहानशा बंद खोलीत बसवलं, कानावर चकत्या लावल्या, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी बटणावर अंगठा ठेवून, अगदी तयार होऊन बसलो. पुष्कळ वेळ काही सुरूच होईना. मशीन बिघडलं असणार, असं मनात आलं, आणि मला बोलावलं तर वायर तपासून देईन म्हणून मी काचेतून बघत होतो. तेवढ्यात दार उघडून मुलगी म्हणाली की झालं, बाहेर या. मी मोजून चारदोन वेळाच बटण दाबलं होतं. डॉक्टरनं कागदावरची रेघ दाखवली. सुरुवातीला जरा सपाट, मग एकदम खाली उतरलेली. बारीक, उंच आवाज गेलेत, ते परत येणार नाहीत, बाकीचेही हळूहळू जातील, असं तो बायकोला सांगत होता. मला सांगत नव्हता, कारण मला तो ऐकू येत नव्हता.

कानात घालायचं मशीन घेतलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांत वायरी घातल्या, आता माझ्यात घाला, असं म्हणून मी ते कानात बसवून घेतलं. घरी बरं वाटायचं. भांडी आपटल्याचा आवाज इतक्या वर्षांनी ऐकला आणि तो किती वाईट असतो हे आठवलं. पण दुकानात ते काही कामाचं नव्हतं. मोठा आवाज आला की ते मशीन तो दाबून टाकायचं, कानाला इजा होऊ नये म्हणून. त्याला काय माहीत की इजा होऊन गेलीय. सगळे हॉर्न एकाच बोळक्यातून आल्यासारखे सपाट ऐकू यायचे, आणि बॉनेटखाली डोकं घातलं की नुसती खरखर. मी ते काढून बल्बांच्या डब्यात ठेवलं.

मग मी जमेल ते केलं. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक डायनामोवर टेकवायचं आणि मूठ दातात धरायची, म्हणजे आवाज हाडातून येतो. काही दिवस त्यानं भागलं. सेल्फवर तळहात ठेवून टक ओळखायला शिकलो. हातानं ऐकायचं, असं स्वतःला सांगायचो. आतून मात्र रोज सकाळी शेडचं शटर वर करताना पाय मागे ओढायचे. आज कळेल का कुणाला, आज कळेल का. नव्या गाड्या माझ्याकडे येतच नाहीत, त्यांना लॅपटॉप जोडावा लागतो, त्या चारोटीच्या मोठ्या गॅरेजला जातात. माझ्याकडे उरल्यात त्या या जुन्या जीपा. त्यांच्या ड्रायव्हरांना मिस्त्री बहिरा झालाय हे कळलं की तेही जाणार. मग मी काय करू? झाईला परत जाऊन होडीत ओकू? रात्री बायको झोपली की मी तिच्या श्वासाकडे बघत पडायचो. श्वास ऐकू यायचा बंद झाला होता, म्हणून बघायचो.

चैत्रात महालक्ष्मीची जत्रा भरते. जत्रेच्या आधी सगळ्या जीपा कामाला येतात, कारण त्या दिवसांत गाडी बंद पडून चालत नाही. त्या गर्दीत रानशेतची डहाणूवाली जीप आली. जोडीतला बारीक हॉर्न जळला होता. मी दुसरा बसवला, बटण दाबायला लावलं, चिंचेपाशी गेलो, ऐकलं. मला छान जुळलेला वाटला. त्याच रस्त्यावरून कासाला येणारी एक जीप आहे, तिच्यातही जोडीच आहे, जाडा तोच, फक्त बारीक निराळा. हा फरक मीच ठेवला होता आणि मला तो पाठ होता. पण मला जाडाच तेवढा ऐकू येत होता. चिंचेखाली उभं राहून मी त्या एका जाड्या हॉर्नला मान डोलावली आणि जीप पाठवून दिली.

रानशेतच्या आत एका पाड्यावर एक माणूस आहे, त्याची किडनी गेलीय. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी त्याला रक्त धुवायला डहाणूला न्यावं लागतं. डहाणूवाला ड्रायव्हर त्याच्यासाठी पुढची सीट रिकामी ठेवतो. त्याला उन्हात बसवत नाही म्हणून घरातच ठेवतात, आणि लांबच्या वळणावर हॉर्न ऐकू आला की त्याची बायको आणि भाऊ त्याला धरून उतारावरून फाट्यापर्यंत आणतात. आधीच्या खेपेला नव्या हॉर्नची त्यांची जीप कासाच्या जीपसारखी वाजली होती, म्हणून त्या दिवशी तसा हॉर्न ऐकू येताच त्यांनी त्याला आणलं. आली ती कासाची जीप. ती भरलेली होती आणि उलट्या दिशेला निघून गेली. त्यांना वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. ऊन कडक होतं, तो माणूस तिथंच ओकला, म्हणून त्याला पुन्हा वर नेलं. थोड्या वेळानं तोच हॉर्न पुन्हा वाजला. कासाची जीप परत आली असेल असं समजून ते बसून राहिले. या वेळी आली होती ती डहाणूची. ड्रायव्हरनं फाट्यावर थांबून पुष्कळ हॉर्न दिला. कुणी आलं नाही. नातेवाइकाकडे गेले असतील, असं म्हणून तो निघाला.

तो दिवस चुकला. दुसऱ्या दिवशी त्या माणसाचं अंग सुजलं, त्याला श्वास घेता येईना. मिळेल त्या टेंपोतून त्याला नेलं. वाचला. हे सगळं डहाणूवाल्या ड्रायव्हरनं मला दुकानात येऊन सांगितलं, आणि अर्धंअधिक मला ऐकू आलं नाही. पण त्याचा चेहरा बघून बाकीचं कळलं. तो ओरडला नाही, त्यानं फक्त कासाच्या जीपवाल्यालाही बोलावून घेतलं होतं. दोघांनी माझ्या शेडसमोर आळीपाळीनं हॉर्न वाजवले आणि माझ्याकडे बघत राहिले. मला दोन्ही एकच ऐकू आले. ते खरंच एकच होते की माझ्यापुरते एक होते, हे मला सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, पार्ट नवा होता, सैल झाला असेल, करून देतो.

दुपारभर मी तो स्क्रू फिरवत होतो. ड्रायव्हर बटण दाबायचा आणि मान हलवायचा. हा नाही. पुन्हा फिरवायचो. हाही नाही. आधीचा कसा होता, असं मी त्याला विचारलं, तर त्यालाही नीट सांगता येईना. तो कायम हॉर्नच्या मागे बसलेला, आतून ऐकणारा. लांबून कसा वाजतो हे त्याला माहीतच नव्हतं. दोन जीपांचे आवाज निराळे करणं सोपं होतं, कुठलाही दुसरा हॉर्न ठोकला असता तरी झालं असतं. पण पाड्यावरच्या माणसांना नवा आवाज शिकवत बसणार कोण? एका चुकीनं एक दिवस गेला होता, नवा आवाज ओळखीचा होईपर्यंत आणखी किती जाणार? स्क्रू-ड्रायव्हर सटकून बोटात घुसला. मी चिडून हॉर्नवरच एक थप्पड मारली. ड्रायव्हर उठला आणि उद्या येतो म्हणाला. उद्या तो चारोटीला जाणार हे मला कळत होतं.

तो चारोटीला गेला नाही. बाजाराच्या दिवशी तो आला तेव्हा त्याच्या जीपमधून ती बाई उतरली. त्या आजारी माणसाची बायको. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. लहानखुरी, डोक्यावर पदर, हातात रिकामी पिशवी. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि काहीतरी बोलली. तिचे ओठ जेमतेम हलले. मी ‘काय?’ म्हटलं. ती पुन्हा बोलली. मी पुढे वाकून कानामागे हात धरला. तिसऱ्यांदाही मला काही कळलं नाही, आणि चौथ्यांदा ती बोललीच नाही, खाली बघू लागली. तिला वाटलं असेल मी ऐकूनही न ऐकल्यासारखं करतोय. गुन्हेगार माणसं करतात तसं.

माझ्या बायकोची पाटी समोरच असते. ती सगळं बघत होती. ती उठून आली, त्या बाईच्या तोंडाजवळ कान नेला, आणि मग सवयीनं, भरबाजारात, तिच्या त्या आवाजात मला सांगितलं,

"ती सांगते, आमचे गाडीचा आवाज आमाला परत दे. दुसरं काय नको."

भाजीवाले वळले. चहावाल्याकडचे ड्रायव्हर वळले. बायकोच्या लक्षात आलं तसा तिनं तोंडावर हात नेला, पण आता काय. मी त्या सगळ्या चेहऱ्यांकडे बघितलं. इतके दिवस याच क्षणाला मी घाबरत होतो, आणि तो आला तेव्हा मला रडू येत होतं आणि रागही येत होता, हायवेवरच्या त्या ट्रक ड्रायव्हरांचा, उस्तादाचा, त्या बंद खोलीतल्या बटणाचा.

"मला ऐकायला येत नाही," मी म्हटलं. "बारीक हॉर्न मला ऐकायलाच येत नाही. मी कसा देऊ?"

मी केवढ्यानं बोललो ते मला माहीत नाही. डहाणूवाला ड्रायव्हर जमिनीकडे बघत होता. कुणी काही बोललं असेल तर ते माझ्यापर्यंत आलं नाही. ती बाई मात्र माझ्या बायकोला काहीतरी विचारत होती. मग बायकोनं हातानं दाखवलं, तिकडे, चिंचेकडे. मी आयुष्यभर जिथं उभं राहून ऐकत आलो ती जागा बायकोला माहीत होती. बरोबर वाजला की हात वर कर, नाही तर नुसता हलव, असं तिनं त्या बाईला समजावलं असावं. ती बाई पिशवी सांभाळत बाजारातून वाट काढत गेली आणि चिंचेखाली पाठमोरी उभी राहिली. नंतर तोंड आमच्याकडे केलं.

ड्रायव्हरनं बटण दाबलं. माझा तळहात हॉर्नवर होता, त्याला नुसती थरथर लागली. लांबून तिनं हात हलवला. मी स्क्रू किंचित फिरवला. तिनं हात हलवला. पुन्हा. पुन्हा. कधी ती मान तिरकी करायची, म्हणजे जवळ आलंय, असं मी समजायचो आणि आणखी थोडा फिरवायचो, आणि मग ती जोरात हात हलवायची, म्हणजे पुढे गेलो. मी मागे यायचो. एवढ्या बारकाईनं मी माझ्या चांगल्या कानांच्या दिवसांतही काम केलं नसेल. बोटाची जखम पुन्हा वाहायला लागली ती बायकोनं तिच्याच फडक्यानं पुसली. फडक्याला सुक्या बोंबलांचा वास होता. शेडपाशी माणसं जमली होती. मला त्यांच्याकडे बघायचं नव्हतं, मी फक्त चिंचेकडे बघत होतो.

ड्रायव्हरनं आणखी एकदा दाबलं. मी तिच्या हाताची वाट बघत होतो. तिनं हात हलवला नाही आणि वरही केला नाही. तिनं पदर खोचला, पिशवी काखेत मारली आणि ती चालायला लागली. भराभर, खाली बघत, जीप निघून जाईल अशा घाईनं. भाजीवाल्यांच्या मधून, पाट्या ओलांडत, सरळ आमच्याकडे. अर्ध्या वाटेवर तिच्या लक्षात आलं आणि ती थबकली, तोंडाला पदर लावून हसली. पण तोवर सगळ्यांना कळलं होतं. ड्रायव्हरनं बटणावरचा हात काढलाच नव्हता.

मला तेव्हाही एकच हॉर्न ऐकू येत होता, जाडा. बारीक ऐकून ती चालत आली होती.

मी स्क्रूचा नट आवळला आणि तो पुन्हा हलू नये म्हणून त्याच्यावर लाल रंगाचा थेंब टाकला. ड्रायव्हर काहीतरी विचारत होता. पुढच्या वेळी कोण करणार, असंच विचारत असेल. बायकोनं माझ्याकडे बघितलं आणि मला ते ओरडून सांगितलं नाही. मी फुंकर घालून रंग वाळवत बसलो. तोंडासमोर हॉर्न अजून वाजत होता की थांबला होता, हे मी त्याच्यावर हात ठेवून बघितलं.